दुसरं टोक धरणारी माणसं

मी एक सतरंजी बोलतेय. तुम्ही कधी ना कधी माझ्यावर बसला असाल; माझ्यावर नाही तर माझ्या एखाद्या बहिणीवर. सभा संपली की तुम्ही कपडे झटकता, चपला शोधता आणि निघून जाता. आज जरा थांबा, मला थोडं बोलायचंय.

माझा जन्म नाशिक रोडच्या तुरुंगातला. त्यात लाजायचं कशाला? तिथल्या मागावर कारभारी नावाच्या कैद्यानं मला विणलं. निळे-पांढरे पट्टे, बारा हात लांबी, आणि एकही धागा ढिला नाही. शेवटची गाठ मारून तो मला म्हणाला, "चल, तू सुटलीस. मला अजून सहा वर्षं हायेत. चांगल्या माणसांच्या खाली पड." त्याचं बोलणं खरं व्हायचं होतं, पण मध्ये एकदा माझा जीव टांगणीला लागला होता, तेच सांगते.

१९९१ च्या एप्रिलात, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या जयंतीसाठी, स्टेशनपलीकडच्या आमच्या वसाहतीनं मला आणलं. तेव्हापासून मी लहानू पगारेच्या ताब्यात. लहानूचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सभा असली की हात रॉकेलनं धुऊन, वर साबण लावून तो मला खांद्यावर टाकायचा. पक्षात त्याचं काम एकच, सतरंज्या घालायच्या आणि उचलायच्या. स्टेजवरच्या मंडळींना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. "ए सतरंजी!" अशी हाक यायची आणि आम्ही दोघंही दचकायचो.

माझी घडी एकट्याला जमत नाही. दोन टोकांना दोघं लागतात. आधी धूळ झटकायची, मग लांबीत दुमडायचं, मग दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं. टोकाला टोक लागतं तेव्हा माणसं इतकी समोरासमोर येतात की नजर चुकवायला जागाच राहत नाही. 'दोन शब्द बोलतो' म्हणून तासभर बोलणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांना स्टेजवर काहीही बोलता येतं. माझी घडी घालताना खोटं बोलणं मात्र अवघड जातं.

दुसरं टोक नेहमी तानुबाईंच्या हातात असायचं. त्या मूळच्या सायखेड्याच्या. नवऱ्याच्या मागे धुणीभांडी करून त्यांनी मुलं शिकवली. लहानू त्यांना मावशी म्हणायचा.

सत्त्याण्णवच्या निवडणुकीत वॉर्ड राखीव झाला. साहेबांना, म्हणजे पक्षाच्या इथल्या पुढाऱ्याला, ऐनवेळी दुसरं कुणी सापडेना. तिकीट चालत लहानूच्या दुकानात आलं आणि वसाहतीनं त्याला निवडून दिलं. विजयी सभेनंतर गळ्यात हार तसाच ठेवून त्यानं माझं टोक धरलं. नगरसेवक सतरंजी उचलतोय हे बघायला लोक थांबले होते. मी सतरंजी असून फुगले, आता काय सांगू!

पण दिवस सारखे राहत नाहीत. लहानूच्या अंगावर पांढरे कडक कपडे आले. "साहेब, इस्त्री मोडेल, तुम्ही राहू द्या," असं म्हणणारे चार जण आले. हळूहळू त्यानं राहू दिलं. मला राग आला का? चांगलाच आला.

मग ती जागेची गोष्ट निघाली. वसाहतीच्या कडेला एक मोकळी जागा होती, वाचनालयासाठी राखून ठेवलेली. आमच्या घरांत एका खोलीत सहा माणसं. पोरांनी अभ्यास करायचा कुठे? दहा वर्षं सगळे त्या जागेकडे डोळे लावून होते. २००१ साली साहेबांच्या मनात तिथे दुकानांचे गाळे काढायचं आलं. सभेच्या आधी माझ्यावरच बसून, चपला न काढता, ते लहानूला म्हणाले, "मंगळवारी महासभेत आरक्षण उठवायचा विषय आहे. वॉर्ड तुझा. तू हात वर कर, बाकीचे नगरसेवक तुझ्याकडे बघून करतील. पुढचं तिकीट पक्कं समज."

त्या संध्याकाळी लहानू पहिल्यांदा खुर्चीवर बसला आणि वसाहत खाली माझ्यावर. लोकांनी जागेचं विचारलं. तो म्हणाला, "बघू, विचार चालू आहे." बोलताना तो सारखा घड्याळाचा पट्टा चाचपत होता.

सभा उठली. लहानू जीपकडे निघाला. तानुबाईंना आता वाकवत नव्हतं, तरी त्यांनी माझं टोक उचललं आणि हाक मारली.

"लहानू, धर दुसरं टोक."

"मावशी, पोरं धरतील ना."

"पोरांना नाय सांगितलं. तुला सांगितलं."

चार माणसं बघत होती. लहानू परत आला. मला झटकलं, दुमडलं, आणि दोघं एकमेकांकडे चालू लागली. टोकं जुळली तशी तानुबाईंनी विचारलं, "मंगळवारी हात वर करणार हायेस का?"

"मावशी, राजकारणात लय गोष्टी बघाव्या लागतात."

"म्या राजकारण नाय इचारलं. हात इचारला."

लहानूची नजर इकडे तिकडे फिरली आणि शेवटी समोरच आली. "हात वर नाय केला तर तिकीट जाईल, मावशी."

"जाईल. मंग पुन्हा सतरंजी उचलशील. आधी उचलत होतास तवा तुला कुणी हलकं समजलं का? आमी त्याच लहानूला मतं दिली."

लहानूनं काठाला काठ जुळवून माझी घडी नीट घातली.

महासभेत मी नव्हते. तिथे खुर्च्या असतात. पण वसाहतीत ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की मला तोंडपाठ आहे. लहानू उभा राहिला आणि म्हणाला, "माझा विरोध लिहून घ्या." त्याच्याकडे बघून जे हात वर करणार होते, त्यांनी त्याच्याकडे बघूनच हात खाली ठेवले. विषय तहकूब झाला, तो पुन्हा आला नाही.

पुढच्या साली तिकीट गेलं. त्यानंतरच्या पहिल्याच सभेला रॉकेलचा वास असलेले हात माझ्याकडे आले. मला काय वाटलं ते कारभाऱ्यालाच कळलं असतं. घडी घालताना लहानू म्हणाला, "मावशी, तुमचे उपकार झाले."

"उपकार कसले, येड्या? म्या नुसतं टोक धरलं."

तानुबाई २००४ मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी त्या जागेवर वाचनालय उभं राहिलं आणि मी तिथे राहायला आले. शिवणवर्ग चालवणाऱ्या सविताबाईंनी माझ्या विरलेल्या कडांना जाड पट्टी शिवली. २००७ साली त्याच नगरसेविका झाल्या. विजयाची सभा वाचनालयाच्या अंगणात झाली. गुलाल उधळत मिरवणूक निघाली आणि लहानू माझं एक टोक धरून एकटाच उभा राहिला. दुसऱ्या टोकाशी कुणी नव्हतं. त्या टोकाकडे तो किती वेळ बघत होता!

तेवढ्यात हार काढून हातात घेत सविताबाई मिरवणुकीतून मागे आल्या. "काका, एकट्यानं घडी होते का?" त्यांनी माझं दुसरं टोक उचललं आणि दोघं चालत समोरासमोर आली. सविताबाई हसल्या. "काय विचारायचं नाय का, काका? मावशी विचारायच्या तसं?"

"आज नाय," लहानू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आज तू सोताहून आलीस."

आता माझा निळा रंग उडालाय, मधे दोन ठिगळं आहेत. अभ्यासाला बसणारी मुलं सांभाळून बसतात. कारभारी, तू केव्हाच सुटला असशील. कुठे असशील तिथे ऐक, मला चांगली माणसं मिळाली.

आणि तुम्ही, पुढची सभा संपली की लगेच चपला शोधू नका. एकदा मागे वळून बघा. कुणीतरी माझं एक टोक धरून उभं असेल.