एकाच पट्टीतल्या गोळ्या

"आजी, गोळी दिवसाआड घ्यायची असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी कशाला सांगंल? म्हाग हाय, म्हनून पुरवून खाते." गोदूबायनं काउंटरवर रिकामी पट्टी ठेवली आणि पदरानं कपाळ पुसलं. सकाळपासून तिला दोनदा चक्कर आली होती.

दिशानं चिठ्ठी पुन्हा वाचली. डॉक्टरांनी कंपनीचं नाव न घालता औषधाचं मूळ नाव लिहिलं होतं आणि पुढे ठळक अक्षरांत 'रोज एक'. दिशा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. काल्हेरच्या या मेडिकलमध्ये ट्रेनिंगला येऊन तिला महिना झाला होता. तिनं मागच्या फळीवरून जेनेरिकची पट्टी काढली.

"औषध हेच आहे आजी, फक्त मोठ्या कंपनीचं नाव नाही. रोज घेतलीत तरी परवडेल."

"सवस्तातलं हलकंच आसतं." राहनाळच्या गोडाऊनात बारा वर्षं झाडू मारणाऱ्या बाईला मालाची पारख कोण शिकवणार? ती खुर्चीतल्या सावळारामकडे वळली. "सावळ्या, तू कंची खातंस?"

सावळाराम भोईर दुकानाचा मालक. मूळचा राहनाळचा, गोदूबायच्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. त्याला सावळ्या म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि त्या हाकेसाठी तो मनातून तिची वाट बघायचा. बीपीची गोळी त्यालाही होती. औषध तेच, पण नामांकित कंपनीचं. पाच वर्षांपूर्वी छातीत जरा धडधडलं, तेव्हापासून ती पट्टी तो अंगाऱ्यासारखी जपत आला होता. जेनेरिक चांगलं, हे तीस वर्षांत त्यानं हजार गिऱ्हाइकांना पटवलं होतं. पोटातल्या भीतीला मात्र पटवायचं राहून गेलं होतं.

दिशाला याचा वास आला होता. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती मेडिकलवाल्यांची मतं गोळा करत होती. जेनेरिकवर विश्वास आहे का, गिऱ्हाइकाला सुचवता का, सगळीकडे भराभर 'हो' पडायचं. 'स्वतःसाठी कोणतं घेता?' हा शेवटचा प्रश्न आला, की समोरचा माणूस चहा मागवायचा. सावळारामनं तर चहाबरोबर बिस्किटंही मागवली होती, आणि त्याच्या फॉर्मवरचा तो चौकोन अजून कोराच होता.

"सांग की," गोदूबाय म्हणाली.

"हीच," सावळाराम बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. "म्हंजी, उद्यापासून हीच."

"मंग एकाच पाकिटातली खाऊ. पाच तुला, पाच मना. तू खाल्लीस तर मी खाईन."

झाली पंचाईत! सावळारामनं कात्री घेऊन पट्टी मधोमध कापली. पट्टी कापताना मुदतीच्या तारखेची बाजू दुकानात ठेवायची, ही त्याची इतक्या वर्षांची शिस्त. आज त्यानं तारखेचा तुकडा गोदूबायला दिला. तिला वाचता येत नव्हतं, तरी त्याला तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाला त्यानं ड्रॉवर उघडला. हात अर्ध्या पट्टीकडे गेला आणि शेजारच्या जुन्या पट्टीवर पडला. तिसऱ्या दिवशीही तेच. ही संपली की ती सुरू करू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही.

सहाव्या दिवशी चहा येतो न येतो तोच गोदूबाय हजर. तिच्या तुकड्यातली पाचही घरं फुटलेली होती.

"रोज एक खाल्ली. काल चक्कर पन न्हाय आली. तुझी दाखव."

सावळारामनं ड्रॉवर उघडला. पाच गोळ्या जशाच्या तशा. दिशा उगाच बाटल्या पुसू लागली.

गोदूबाय चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "म्हंजी मी एकलीच खात व्हते."

सावळारामला खरोखर लाज वाटली. एवढी लाज त्याला शाळा सुटल्यापासून वाटली नव्हती.

"भ्यालो गं, बाय."

"मी न्हवते भ्याले?"

आजची गोळी घ्यायची होतीच. त्यानं त्या पाचांतली एक फोडली. गोदूबायनं पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली, त्यानं गोळी गिळली.

"आ कर. जीभ वर."

काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत एकसष्ट वर्षांच्या सावळारामनं तोंड उघडून दाखवलं. गोदूबायनं नीट वाकून बघितलं.

"गेली," तिनं दिशाला सांगितलं. "आता माझी दे."

नव्या पट्टीतली पहिली गोळी तिनं तिथंच, त्याच बाटलीतल्या पाण्यानं घेतली आणि कामावर निघून गेली.

सावळारामनं दिशाचा फॉर्म मागून घेतला. शेवटच्या चौकोनात 'जेनेरिक' लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. पाच दिवसांपूर्वीची नाही, आजची.