बोटीवर कळवायचं नाही

बोटीवर काम करणाऱ्या माणसांच्या घरात दोन नियम असतात. ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण चीफ इंजिनीअरच्या बायकोकडून सेकंड इंजिनीअरच्या बायकोकडे आणि तिच्याकडून नव्या नवरीकडे ते बिनबोभाट पोचतात. एक, नवरा समुद्रावर असताना त्याला वाईट बातमी कळवायची नाही. दोन, त्याच्या नावाची पत्रं तो आल्यावर त्यानेच उघडायची. सिंगापूरच्या वुडलँड्समध्ये भाड्याच्या फ्लॅटात राहणाऱ्या उल्का सावंतने हे दोन्ही नियम नऊ वर्षं निष्ठेने पाळले होते. आई पाय घसरून पडली, मधुराला डेंग्यू झाला, घरमालकाने भाडं वाढवलं. शैलेंद्रला काही म्हणजे काही कळलं नाही. तो फोनवर विचारायचा, "सगळं ठीक?" ती म्हणायची, "एकदम मजेत." आणि याला आपण एकमेकांना सांभाळणं म्हणतो!

१९९८ सालच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी ती मधुराला शाळेतून घेऊन दहाव्या मजल्यावर आली, तर दारावर एक कागद चिकटवलेला.

"मम्मा, समबडी पेस्ट पेपर ऑन अवर डोअर," आठ वर्षांची मधुरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "एव्हरीबडी कॅन सी, लाह!"

खरंच दिसत होता सगळ्यांना. शेजारची झैनब कुंड्यांना पाणी घालत होती, ती झारी तिथेच ठेवून घाईघाईने आत गेली. उल्काचे कान तापले. तिने कागद ओढून काढला, दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच वाचला. भाषा कोर्टाची होती, पण अर्थ लागायला वकील नको होता. एका बँकेने शैलेंद्रला दिवाळखोर जाहीर करण्यासाठी अर्ज केला होता. रक्कम एकतीस हजार डॉलर. सुनावणी तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी.

कुठले एकतीस हजार? शैलेंद्र बोटीवर असला की घरी दर महिन्याला त्याच्या पगारातली ठरलेली रक्कम कंपनीकडून येत होती. तीत घर चालत होतं. बाकीचा पगार तो काय करतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. तिने टीव्हीखालचा ड्रॉवर ओढला. रबरबँड लावलेले पाकिटांचे तीन गठ्ठे होते, सगळे त्याच्या नावाचे. आणि गंमत बघा, हातात कोर्टाची नोटीस असूनही बाईने ड्रॉवर पुन्हा लावून टाकला. त्याच्या नावाची पत्रं ना ती!

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. दिवाळखोर ठरलेल्या माणसाला परवानगीशिवाय सिंगापूरबाहेर पाऊल टाकता येत नाही. कारकुनाचं एक वेळ त्यातून निभेल. पण जो माणूस वर्षाचे बहुतेक महिने पाण्यावर असतो, त्याला कुठली कंपनी बोटीवर घेईल? कर्ज फेडायचा एकच रस्ता होता, आणि कर्जामुळे तोच बंद होणार होता.

तिने ठरवलं की कुणाला काही बोलायचं नाही, गुपचूप पैसे उभे करायचे. हातातल्या चार पाटल्या विकून निम्मेही झाले नसते. खाली लिफ्टजवळ भिंतीवर कुणीतरी फोन नंबर लिहिला होता, ताबडतोब रोख रक्कम, चौकशी नाही. असल्या लोकांचं व्याज कसं असतं आणि वसुली कशी असते, हे तिने ऐकलं होतं. तरी तिने नंबर उतरवून घेतला. आधी मात्र हौगांगच्या संजीवनीकाकूंकडे जाऊन बघावं, असं तिच्या मनात आलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत सगळ्यांच्या मुलांची नाकं पुसणाऱ्या त्या काकू.

"आईचं ऑपरेशन आहे," उल्काने बसमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "पाच हजार मिळाले असते तर फार बरं झालं असतं. शैलेंद्र डिसेंबरात आला की लगेच देऊ."

"अगं बाई! कसलं ऑपरेशन?"

"गुडघ्याचं."

"कुठल्या हॉस्पिटलात?"

"साताऱ्यात... म्हणजे पुण्यात."

"उजवा की डावा?"

एवढं उल्काने पाठ केलेलं नव्हतं. मग तिच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. पर्समधून तिने चुरगळलेली नोटीस काढली आणि टेबलावर ठेवली; लिफ्टजवळून उतरवलेल्या नंबराची चिठ्ठीही दाखवली. काकूंनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या. तुमच्या बिरादरीतलं माणूस आलंय."

श्रीनिवासकाका हातात चहाचं भांडं घेऊनच बाहेर आले. नोटीस लांबून ओळखीची वाटली असावी. "हां," ते म्हणाले. "मी सहा वर्षं दिवाळखोर होतो. साखर किती घालू?"

उल्का रडायची थांबली. सफारी घालून मंडळाचा जमाखर्च वाचून दाखवणारे हे काका? दिवाळखोर?

"शहाऐंशीच्या मंदीत यांचं बोटींच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान बुडालं," काकूंनी सांगितलं. "दोन वर्षं आम्ही लपवलं. एका कर्जातून दुसरं फेडायचं. सणाला नव्या साड्या आणि बेल वाजली की दिवे बंद. शेवटी कोर्टाने दिवाळखोर ठरवलं. आणि सांगू? त्या दिवशी आम्ही जेवलो पोटभर."

"दर महिन्याला दोनशे डॉलर सरकारी ऑफिसात भरायचो," काका म्हणाले. "भाऊ गेला तेव्हा इंडियात जायला परवानगी मागितली, ती मिळाली. शेवटी मोकळं केल्याचं पत्र आलं. माणूस कर्जात बुडू शकतो, हे कायद्याला माहीत आहे. त्याला वर काढायची वाट कायद्यानेच ठेवली आहे. आपल्यालाच ती वाट वापरायची लाज वाटते."

"पण लोक काय म्हणतील, काका?"

"लोक!" काकू उसळल्या. "ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो ना? की लोक काय म्हणतील म्हणून पांघरूण घेऊन पडून राहतो? उल्का, कर्ज होणं हे पाप नव्हे गं. व्यसनाने होतं तसं आजारपणाने होतं, नोकरी गेल्याने होतं. पण तोंड लपवलंस की बँकेला वाटतं, हा माणूस बुडवणारा आहे. आणि त्या लिफ्टजवळच्या नंबरवर फोन केलास ना, तर तुझ्या घराची राखरांगोळी होईल. तो कागद आधी फाड!"

उल्काने नंबराची चिठ्ठी फाडली.

"आमची गोष्ट वेगळी होती," काका हळूच म्हणाले. "मला कुठे जायचं नव्हतं. तुझ्या नवऱ्याचं पोट पासपोर्टवर आहे, म्हणून घाई हवी. सुनावणीच्या आधी बँकेशी बोला. पत्रं काय म्हणतात?"

"उघडली नाहीत."

"कधीपासूनची?"

"जानेवारीपासून."

काकूंनी कपाळावर हात मारला, पायात चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर थेट वुडलँड्सला आल्या. जेवणाच्या टेबलावर एकेचाळीस पाकिटं उघडली गेली. त्यातून सगळी कहाणी बाहेर आली. मागच्या वर्षी मंदीमुळे शैलेंद्रला सात महिने बोट मिळाली नव्हती. "लीव्ह लांबली," एवढंच तो म्हणाला होता. सात महिने बिनपगारी, आणि घरखर्च चालूच! त्यात धाकट्या बहिणीचं लग्न. आणि बोटीवरचा माणूस कऱ्हाडला जाणार म्हणजे दहा घरांसाठी घड्याळं, परफ्यूम, कॅमेरे आलेच. रिकाम्या हाताने जायची सोय नाही. ते सगळं क्रेडिट कार्डांवर चढलं होतं आणि व्याजाने फुगलं होतं. उल्काला कुणी कळू दिलं नव्हतं, आणि तीही कधी कळून घ्यायला गेली नव्हती.

आणि मग काकूंनी मार्चमधलं एक पाकीट उघडलं. त्या वाचता वाचता उभ्याच राहिल्या. अर्जदार बँकेनेच लिहिलं होतं, तीस दिवसांत भेटा, व्याज कमी करून हप्ते बांधून देऊ. अहो, सुटकेची वाट पाच महिने ड्रॉवरमध्ये पडून होती!

"मुदत तर संपली," उल्का म्हणाली.

"मुदत कागदावरची संपली. माणसं तिथेच बसलेली आहेत. उद्या जायचं."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात झैनब, हातात नारळाच्या वड्यांसारख्या खाऊची बशी. नोटिशीबद्दल ती काहीच बोलली नाही. "यू गो सेटल युअर थिंग," ती म्हणाली. "गर्ल स्टे विथ मी." त्या दुपारी ती तोंड फिरवून आत गेली ती तुच्छतेने नव्हे, उल्काला संकोच वाटू नये म्हणून गेली होती. उल्काला स्वतःचीच शरम वाटली, आणि मग हायसंही वाटलं.

बँकेच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात मिस गोह नावाची पंचविशीतली मुलगी समोर बसली. पाकिटांचा गठ्ठा पाहून आणि ती कालच उघडल्याचं ऐकून तिला हसू आलं. "वाऽ, सो मेनी! ऑल नेव्हर ओपन?" मग तिला हसल्याचं वाईट वाटलं असावं. तिने फाईल मागवली, दोनदा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आली. दुसऱ्यांदा बाहेर आली ती वीस मिनिटांनी, गाल लाल झालेले. चांगलीच भांडली असावी. साहेब तयार झाले होते. दोन हजार आत्ता, पुढे महिन्याला सहाशे, व्याज गोठवलेलं, आणि बँक अर्ज मागे घेईल. अट एकच होती. करारावर शैलेंद्रची सही हवी, शुक्रवारी चारच्या आत. बोटीवरून फॅक्सने आलेली चालेल, कॅप्टन साक्षीदार म्हणून चालेल.

म्हणजे शैलेंद्रला सांगावं लागणार होतं. समुद्रावर. वाईट बातमी.

"मी नाही सांगू शकत," बाहेर आल्यावर उल्का म्हणाली. "इंजिन रूममध्ये असतो तो. मनाला लागलं आणि काही झालं म्हणजे?"

"त्याच्या मनाला दीड वर्ष लागलेलंच आहे," काकू म्हणाल्या. "तू फक्त त्याला एकटं सोडलं होतंस."

ते वाक्य तिला लागलं, आणि त्याच वाक्याने तिला धीरही आला. घरी येऊन तिने बोटीचा सॅटेलाइट नंबर लावला. मिनिटाला दहा डॉलर. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःहून फोन केला होता.

"उल्का? काय झालं? मधुरा बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. शैलेंद्र, मी तुझी पत्रं उघडली. सगळी."

सॅटेलाइटवर आपलं बोलणं पोचायला क्षणभर लागतो, उत्तर यायला आणखी क्षणभर. तेवढंही ती थांबली नाही. मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. तिने एका दमात सांगून टाकलं, नोटीस, बँक, सहाशे, शुक्रवार. पाटल्यांतल्या दोन विकणार आहे, हेही सांगितलं.

"तू चिडली नाहीस?" त्याचा आवाज फाटला होता.

"चिडलेय. घरी ये, मग बघते. आधी सही कर."

पलीकडे तो रडत होता. हजार माणसांच्या घरात उजेड पडेल एवढं इंजिन सांभाळणारा माणूस हुंदके देत होता. "रोज वाटायचं, तुला सांगावं," तो म्हणाला. "आणि रोज तू म्हणायचीस, मजेत आहोत. मग जीभच उचलत नव्हती गं. थँक यू, उल्का. आज झोप लागेल मला."

सही गुरुवारीच आली. खाली कॅप्टनने आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या: उत्तम इंजिनीअर आहे, पुढचं कॉन्ट्रॅक्ट आम्ही देणार आहोत. बोटीवरून पाठवलेल्या फॅक्सचे पैसेही त्याने शैलेंद्रकडून घेतले नाहीत. सुनावणीच्या सोमवारी कोर्टात बँकेने अर्ज मागे घेतला. मिस गोहला उल्काने घरचे लाडू नेऊन दिले तेव्हा ती घाबरून म्हणाली, "कॅनॉट, कॅनॉट, कंपनी रूल!" आणि मग उल्काच्या डब्यातला एक लाडू तिथेच उभ्याने खाल्ला.

डिसेंबरात शैलेंद्र आला. कऱ्हाडला त्याने स्वतः फोन केला, "या वेळी काही आणणार नाही, आमच्यावर कर्ज आहे." पलीकडून त्याचे वडील एवढंच म्हणाले, "अरे, मग आधी का नाही बोललास? ते तीन कॅमेरे आम्ही अजून डब्यातून काढलेले नाहीत."

संक्रांतीचं हळदीकुंकू उल्काकडे होतं. वाण म्हणून तिने प्रत्येकीला एक पेन दिलं. तिळगूळ वाटून झाल्यावर ती सगळ्यांसमोर उभी राहिली. मग तिने सांगून टाकलं. "आमच्यावर एकतीस हजारांचं कर्ज आहे. महिन्याला सहाशे फेडतोय, अजून चार वर्षं लागतील. काकू, काका, झैनब आणि एक अनोळखी बँकवाली मुलगी नसती, तर आज शैलेंद्रची बोटीवरची नोकरी सुटली असती. म्हणून सांगते, कर्ज झालं तर घरात बोला. पत्र आलं तर त्याच दिवशी उघडा. सावकाराच्या दारात जाऊ नका, बँकेच्या दारात जा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका जरा अवघडल्या, मग साड्यांवर बोलू लागल्या. उल्काला वाटलं, आपण चुकलोच की काय.

ती कप उचलून स्वयंपाकघरात गेली तेव्हा मागून प्रेमा आली. युनिव्हर्सिटीत संशोधन करणाऱ्या उन्मेषची ही बायको, नेहमी झकपक असणारी. हातातलं पेन ती नुसतं फिरवत होती.

"उल्का, त्या बँकेतल्या मुलीचं नाव काय गं?" तिने खालच्या आवाजात विचारलं. "आमच्या दारावर अजून नोटीस लागलेली नाही. चारच पत्रं आलीत."

वाचकहो, आपल्या आजूबाजूच्या किती घरांत अशी पत्रं असतील, कोण जाणे. लाज वाटून घ्यायची, तर ती गप्प बसण्याची वाटावी. मदत मागण्याची कधीच वाटू नये.

उल्काने कप बेसिनमध्ये ठेवले आणि प्रेमाचे दोन्ही हात धरले. "चारच ना?" ती म्हणाली. "मग तू अगदी वेळेवर आलीस. सोमवारी सकाळी नऊला तयार राहा. मी येते तुझ्याबरोबर."