चिनी मातीचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना अडकित्ता आहे. हसू नका बरं! सुपारी कातरणाऱ्यानं आपली कहाणी सांगायला बसावं, याची तुम्हाला गंमत वाटत असेल. पण माझ्या पात्याकडे जरा नीट बघा. धारेला जागोजागी खांडं पडली आहेत. सुपारीनं अशी खांडं पडत नाहीत. सुपारी कितीही टणक असो, माझ्यापुढे ती शहाण्यासारखी वागते. ही खांडं चिनी मातीची आहेत, आणि ती कशी पडली हे सांगितल्याशिवाय मला गंजून जायचं नाही.

माझा जन्म कामशेतचा. बजरंग लोहारानं मला घडवलं. पातं पोलादाचं, दांड्या पितळेच्या. एका दांडीच्या टोकाला त्यानं पोपट काढला होता. म्हणजे त्याच्या मनात पोपट होता. गिऱ्हाइकं त्याला बदक म्हणत आणि बजरंग भडके. नाणे मावळातल्या एका म्हातारीनं मला बाजारातून उचललं आणि घरी नेऊन नव्या सुनेच्या हातावर ठेवलं. म्हणाली, "घे गं रतने. पर जपून. ह्यो सुपारी आन बोट यातलं काय वळखत न्हाई."

तेव्हापासून मी रतनबाईच्या चंचीत राहू लागलो. पान, कात, चुन्याची डबी आणि मी. तिच्या कमरेला खोचलेला मी भाताच्या खाचरांतून हिंडलो, लग्नांना गेलो, भांडणं ऐकली. मग तिला मुलगी झाली, ठकू. ही पोर म्हणजे नुसती आग! माझ्या तोंडात काय काय घालून बघायची. चिंचोके झाले, कवडी झाली, एकदा बापाच्या वहाणेचा अंगठाही कातरून झाला. रखमाजी अनवाणी ओरडत बसला आणि ठकू दाराआड खिदळत राहिली. रतनबाईनं मला चंचीत कोंबलं, पण हसत होती तीही.

ठकू सात वर्षांची असताना एका दुपारी म्हशींमागे नदीवर गेली. आरडाओरडा ऐकून रतनबाई धावली, तेव्हा मी तिच्या कमरेलाच होतो. पोर डोहात पालथी तरंगत होती. तोंड पाण्यात आणि वर नुसते केस पसरलेले. मित्रांनो, त्यापुढचं मी सांगणार नाही. मला ते जमायचं नाही.

दहा दिवस झाल्यावर रखमाजी बायकोला म्हणाला, "रतने, तिचं नाव ह्या घरात पुन्यांदा काडू नगंस. मला सोसत न्हाई." तो दुष्ट नव्हता. दुःखावर ज्याला जे औषध सुचतं ते तो घेतो. रतनबाईनं मान हलवली आणि ते नाव खरोखरच बंद झालं. वर्षभरात त्यांनी शेत भावाच्या हाती सोपवलं आणि लोणावळ्याला आले. वळवणच्या बाजूला मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता, तिथं रखमाजी माळी म्हणून राहिला.

नाव काढायचं नाही म्हटल्यावर आठवायचं तरी कसं? ठकूचा फोटो नव्हता. आमच्याकडे फोटो काढायला कोण कुठं जातंय! रतनबाई सुपारी कातरता कातरता मधेच थांबे, डोळे मिटे आणि पुटपुटे, "कपाळ... मग भिवया... मग..." आणि पुढे गाडी अडे. पोरीचा चेहरा तिच्या मनातून पुसत चालला होता. दर पावसाळ्यानंतर थोडा आणखी पुसट होई. तिला याची फार भीती वाटे. माणूस अडचणीत आलं की म्हणतं, "अडकित्त्यात सापडलो." पण त्या बाईची अवस्था माझ्याही तोंडात मावणारी नव्हती.

अशात गोपाळकृष्णमास्तर आले. मुंबईला चित्रकला शिकलेले, उंच, विसराळू गृहस्थ. शेठजींच्या बागेतल्या लांबलचक भिंतीवर त्यांना मोझाइकच्या बारा चौकटी करायच्या होत्या. गड्यांच्या जुन्या खोल्यांमध्ये त्यांनी त्यासाठी बायकांचा वर्गच काढला. गावातल्या अकरा जणी शिकायला आल्या. मोझाइक म्हणजे काय, तर फुटक्या कपबशांचे बारीक तुकडे कातरायचे आणि ते जोडून चित्र करायचं. रतनबाईला आधी तिथं झाडायला आणि तुकडे धुवायला बोलावलं होतं. पण धुता धुता ती रंगांचे ढीग लावी. पांढऱ्यात तिला पाच पांढरे दिसत. मास्तरांनी ते बघितलं आणि म्हणाले, "रतनबाई, केरसुणी ठेवा. बाराव्या तुम्ही."

कातरायच्या पकडी मात्र दोनच होत्या, विलायती. बाया ओळीनं वाट बघत बसत. चार दिवस रतनबाईनं कळ काढली. पाचव्या दिवशी तिनं चंचीतून मला काढलं, बशीचा तुकडा माझ्या तोंडात धरला आणि कट्! बाया हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "अहो, ही कड बघा! माझी पकड काय झक मारते याच्यापुढं?" मला एवढा मान आयुष्यात मिळाला नव्हता. पात्याला पहिलं खांड पडलं होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग आपापले अडकित्ते घेऊन हजर! शेजारी बसणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी तर सासऱ्यांचा अडकित्ता न विचारता आणला होता.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. मास्तर उलटी पद्धत शिकवत. जाड कागदावर चित्र काढायचं. त्यावर पिठाच्या खळीनं तुकडे चिकटवायचे, पण पालथे. चकचकीत बाजू खाली, कागदाकडे, आणि खरखरीत पाठ वर. मग तो कागद फळीसकट उचलायचा आणि भिंतीवरच्या ओल्या गिलाव्यात दाबायचा. पाठ गिलाव्यात घट्ट बसते. दुसऱ्या दिवशी कागद भिजवून सोलला की चित्राचं तोंड जगाकडे. मास्तर रोज बजावत, "तोंड खाली, पाठ वर!" रतनबाईनं याच पद्धतीनं वेली केल्या, मोर केला. कधी चुकली नाही.

मग प्रत्येकीला एकेक चौकट मिळाली. काय वाटेल ते काढा, मास्तर म्हणाले. कुणी कमळ काढलं, कुणी हत्ती. रतनबाईनं चेहरा काढला. तिनं मनाशी ठरवलं होतं की पोर मनातून पुरती पुसली जाण्याआधी भिंतीवर आणायची. ठकू सावळी होती आणि कपबशा सगळ्या गोऱ्या. म्हणून एके दिवशी रतनबाईनं घरातली लोणच्याची तपकिरी बरणी फरशीवर आपटली. बरणीची माती जाड आणि हट्टी. माझी बाकीची खांडं तिथंच पडली. मी एकदाही कुरकुरलो नाही. एकेक तुकडा ती तीन-तीनदा कातरी, लावून बघे, डोळे मिटे, काढी, पुन्हा कातरी. आणि खरं सांगतो, हात चालू लागला तसा विसरलेला चेहरा परत येऊ लागला. डोळे आले, नाक आलं. एका दुपारी ती एकदम म्हणाली, "आली गं बया माजी!" आणि तोंडावर पदर दाबून बसली.

प्रमोदिनीबाईंनी विचारलं, "कोणाची हो ही मुलगी? किती गोड आहे!"

"कुनाची न्हाई," रतनबाई म्हणाली. "आसंच काडलंय."

हे सगळे तुकडे तिनं आधी नुसते मांडून बघितले होते, सुलटे. आता ते पालथे करून चिकटवायचे होते. तिनं कपाळाचा पहिला तुकडा उलटा केला आणि तिचा हात थांबला. आपल्या हातानं पोरीला पालथी घालायची? पुन्हा? तिच्यानं ते होईना. तिनं सगळा चेहरा सुलटाच चिकटवला, तोंड वर करून. सकाळी लवकर येऊन गवंड्याला सांगू, ह्यो कागद दाबू नको, मी एकेक तुकडा सोडवून हातानं लावते, असं तिनं ठरवलं. मास्तरांना सांगायचं, तर ते कारण विचारणार. कारण सांगायचं, तर नाव काढावं लागणार. म्हणून ती काहीच बोलली नाही. चौकटीवर ओलं गोणपाट टाकलं आणि घरी गेली.

ती गेली आणि शेठजींची तार आली की ते उद्याच येताहेत. मास्तरांनी अंबाजी गवंड्याला लगेच कामाला लावलं. अंबाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नजर गेली होती, हात मात्र गेला नव्हता. सवयीनं काम करी. गोणपाट काढायचं, फळी उचलायची, दाबायची. बारा चौकटी त्यानं अंधार पडायच्या आत बसवल्या. गिलाव्यात सिमेंट होतं. सकाळपर्यंत ते दगड झालं.

सकाळी सगळ्या जणी कागद सोलायला जमल्या. कमळ निघालं, हत्ती निघाला, टाळ्या झाल्या. रतनबाई आली ती आपली रिकामी फळी बघूनच धावली. तिनं नखांनी कागद ओरबाडला. आत चेहरा नव्हता. मळकट, खरखरीत तुकड्यांच्या पाठी होत्या नुसत्या. ठकू भिंतीकडे तोंड करून आत गेली होती.

"रतनबाई, तुम्ही सुलटे लावले होते?" मास्तर चकित होऊन म्हणाले. "अहो, मला सांगायचं नाही का? मी तुम्हाला थेट भिंतीवर लावू दिलं असतं. त्यात काय मोठं!"

अंबाजी कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. "मला दिसलंच न्हाई गं बाय. मला दिसलंच न्हाई."

मास्तरांनी छन्नी मागवली. तेव्हा रतनबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "माज्या लेकीच्या तोंडावर छन्नी मारू नगा," ती म्हणाली. तिला लेक होती हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती काय म्हणतेय ते कळलं फक्त रखमाजीला. तो झारी घेऊन गुलाबापाशी उभा होता. झारीतलं पाणी सगळं सांडून गेलं तरी तो हलला नाही.

शेठजींना ती चौकट विचित्र वाटली, म्हणून तिच्यावर वेल सोडायला सांगितली. वर्ग संपला, मास्तर मुंबईला गेले. रतनबाईनं पान सोडलं. मी चंचीत पडून राहिलो. चिनी मातीवर राज्य केलेला मी, मला साधी सुपारीसुद्धा दिसेना.

पण चकचकीत बाजू गिलाव्यात धरत नाही, मित्रांनो. पहिल्या पावसाळ्यात दोन तुकडे निखळून वेलीत पडले. दुसऱ्या वर्षी पाच. लोणावळ्याचा पाऊस कुणाचं ऐकतो का? रतनबाई रोज भिंतीखाली वाकून बघे, सापडलेला तुकडा पदरानं पुसे आणि चंचीत माझ्याजवळ ठेवी. सहा पावसाळ्यांनी सगळी ठकू माझ्या शेजारी होती, पण सुटी सुटी.

एका दुपारी रतनबाईनं ओसरीवर चंची रिकामी केली आणि तुकडे जुळवायला बसली. रखमाजी आला आणि समोर बसला. बारा वर्षांनी त्यानं नाव काढलं. "ठकूच्या भिवया जाड व्हत्या न्हवं?"

"व्हय," रतनबाई म्हणाली. "पर ही कुटली? उजवी का डावी?"

दोघं संध्याकाळपर्यंत बसली. डोळे बसले, नाक बसलं. मग तो म्हणे, हनुवटी टोकदार होती. ती म्हणे, गोल होती. जुळवलेला चेहरा कधी शेजारच्या गावातल्या कुणासारखा दिसे, कधी कुणासारखाच नाही. आणि तोंडात एक खाच राहिली. तिथला तुकडा काही केल्या सापडेना. दोघांनी चार दिवस भिंतीखालची माती चाळणीनं चाळली. "त्यो योक गावला की समदी जुळंल," रखमाजी म्हणत राहिला. तो सापडला नाही. शेवटी रतनबाईनं तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आता मला ती दिसत न्हाई."

त्यानंतर दोन वर्षांनी रतनबाई गेली. रखमाजी आता थकला आहे. चंची खुंटीला टांगलेली आहे. मधूनमधून तो ती खाली काढतो, हलवून आवाज ऐकतो आणि पुन्हा टांगतो.

मित्रांनो, मला वाचा नाही. असती तर त्याच दुपारी ओरडलो असतो. कारण ते तुकडे माझ्याच तोंडातून गेले आहेत, आणि तो चेहरा मला तुकड्यानं तुकडा पाठ आहे. तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल तर त्याचं नाव काढत जा, एकमेकांना विचारत जा, नाहीतर ते माणूस माझ्यासारख्या मुक्या वस्तूंकडेच उरतं. आणि उद्या रखमाजीच्या माघारी ही चंची तुमच्या हाती आली, तर खापऱ्या म्हणून उकिरड्यावर फेकू नका. जुळवा. कपाळाचे सात तुकडे, मधला सर्वांत रुंद. वाकडी भुवई उजवीकडची. हनुवटी गोलच, आईचं बरोबर होतं. आणि तोंडातली ती खाच बुजवायला तुकडा शोधत बसू नका. तिथं तुकडा कधी नव्हताच. रतनबाईनं ती जागा आपल्या हातानं मोकळी सोडली होती, पुढे तीच ते विसरली. ठकू नदीवर गेली त्या आठवड्यात तिचा पुढचा दात पडला होता.