फेस खाली बसेपर्यंत

मी कुपीतलं औषध बोलतोय. अंगठ्याएवढी कुपी, वर रबराचं बूच, आत पाण्यासारखा मी. दिसायला साधा, पण माझा गोतावळा दांडगा. हजारो धडधाकट माणसांनी रक्तातला पिवळसर द्रव दिला, त्यातून मला वेगळं काढलं. कुणी गोवराशी झुंजलं होतं, कुणी न्यूमोनियाशी. त्या साऱ्या लढाया माझ्या ध्यानात आहेत. ओळखीचा जंतू दिसला की मी त्याची गचांडी धरतो.

ही ताकद आई बाळाला पोटातच देते, बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत. पण काही बाळांना दम निघत नाही. ती शिदोरी न घेताच निघून येतात.

अशीच एक काचेच्या पेटीत होती. सिस्टर बाळांना वजनावरून हाक मारायच्या, ही सव्वाकिलो. रक्तात जंतू शिरलेला. श्वास मधूनच थांबायचा.

"हे औषध म्हणजे जादू नाही," डॉक्टरीणबाई तिच्या बापाला म्हणाल्या, "अँटिबायोटिकला टेकू आहे. खाली औषधांच्या दुकानात एकच कुपी शिल्लक आहे, दुसरी परवा येईल."

शिपाई जागेवर नव्हता, म्हणून बापच धावला. त्याचं रंगाचं दुकान. डबा गिऱ्हाइकाला द्यायचा तर आधी खळखळून हलवायचा, ही वीस वर्षांची सवय. जिना चढता चढता त्याचा हात आपसूक चालू लागला. मी फेसाने भरून गेलो.

सिस्टरांनी मला बघितलं, मग त्याला.

"हलवलंत?"

"नीट मिसळावं म्हणून..."

"अहो दादा, हा काय भिंतीचा रंग आहे?"

त्याचा चेहरा उतरला. शेजारी व्हीलचेअरवर बाळाची आई होती. "चहासुद्धा गार होईपर्यंत ढवळतात हे," ती म्हणाली. थट्टा केली खरी, पण नजर माझ्या फेसावरच होती.

मला ट्रेमध्ये ठेवलं. जोरात हलवलं की माझ्यात गुठळ्या धरू शकतात, म्हणून फेस बसेपर्यंत थांबायचं आणि आत कण दिसले तर फेकून द्यायचं. बुडबुडे एकेक करून फुटत होते. अर्धा तास गेला. मग डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीच्या उजेडात धरून हळूच तिरपं केलं.

"स्वच्छ आहे. लावा."

पंपातून मी थेंबाथेंबाने निघालो. बाप हात पाठीशी घट्ट बांधून उभा राहिला.

याला आता चार दिवस झाले. कालपासून तिचा श्वास एकदाही थांबलेला नाही. रक्ताचा रिपोर्टही चांगला आलाय. श्रेय माझं एकट्याचं नाही. अँटिबायोटिक होतं, सिस्टरांचे पुन्हा पुन्हा धुतलेले हात होते, नळीतून गेलेलं आईचं दूध होतं.

आज तिला पहिल्यांदा आईच्या उघड्या छातीवर ठेवलंय. तिच्या रक्तात मीही आहे. तीनेक आठवड्यांत मी निम्मा उरेन, मग हळूहळू तिचं शरीर स्वतःचं बघायला शिकेल.

ज्यांच्यापासून मी आलो, त्यांना मी कुणाच्या कुशीत पोचलो हे कधी कळणार नाही. तेव्हा निरोप घेताना मीच सांगतो: ती गाढ झोपली आहे. तुम्हाला जमेल तेव्हा बाही वर करून या. शेजारच्या पेटीत नऊशे ग्रॅम वाट बघतोय.