लुअरानचे वंशज

“चुकलास,” म्हणत मी डेऱ्याच्या काठावर दांडा आपटला. “आर्टच्या आधी फिंतान. त्या बिचाऱ्याला कुठं गिळलास?”

कॅहल हसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आमच्या घरात असेच चालायचे. ओ लुअरान घराण्यातले पुरुष सरदाराची वंशावळ तोंडपाठ ठेवायचे, त्यासाठी त्यांना जमीन मिळालेली, आणि बायका लोणी काढता काढता त्यांच्या चुका धरायच्या. मला अक्षर वाचता येत नाही. पण माझ्या कानांतून एक नाव कधी निसटले नाही.

पूर्वी त्या जागी माझा मुलगा नीयल उभा राहायचा. मागच्या थंडीत तळ्यात त्याची होडी उलटली. लग्नसुद्धा व्हायचे होते त्याचे. कॅहल आमच्याच घरी वाढलेला, एका गुराख्याचा पोरका मुलगा. दोघे एका पांघरुणात झोपून मोठे झाले, एकाच बापाकडे शिकले.

आता नव्या सरदाराला सरदारकी देण्यासाठी टेकडीवरच्या शिळेवर बसवायचे होते. त्या दिवशी आमच्या घरातल्या विद्वानाने आधी स्वतःची वंशावळ म्हणायची आणि मग सरदाराची, ही रीत. आजारपणात फ्लानचा, माझ्या नवऱ्याचा, आवाज बसला होता. म्हणणार कॅहल. पण कुणाचा मुलगा म्हणून? गुराख्याचा म्हणाला, तर घराणे तिथेच संपले, जमीनही गेली.

“माझा मुलगा म्हणूनच म्हणेल तो,” चुलीपाशी बसलेला फ्लान घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“आणि लोक ऐकून घेतील?”

“घेतील. माझ्या तोंडावर कोण बोलणार? आणि लासरीना, हे काही पहिल्यांदा होत नाही. आपलं आडनाव कुठून आलं?”

“लुअरानपासून. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.”

“लुअरानचा मुलगा लढाईत मेला. मग त्यानं वासरं राखणाऱ्या पोराला शिकवलं आणि आपलं नाव दिलं. आपण सगळे त्या पोराचे. बाप जाताना हे मुलाला सांगून जातो. मी नीयलला सांगणार होतो.”

मला हसूच आले. “एवढा तोरा मिरवता, आणि शेवटी गुराखीच निघालात की.”

तोही हसला. मग मी सहज विचारले, “त्या लुअरानच्या मुलाचं नाव काय होतं?”

फ्लान चुलीत बघत राहिला. “ज्याचा वंश पुढं चालत नाही, त्याचं नाव म्हणत नाहीत. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. मी नाव विचारलं.”

“नाही गं ठाऊक. कुणालाच नाही.”

म्हणजे नीयलचे नावही असेच कुणाला ठाऊक राहणार नव्हते. मी त्याला नाही नाही ते बोलले. “स्वतःच्या पोराला पुसायला निघालास तू.”

“मग तू सांग,” तो म्हणाला. “तू नको म्हणालीस, तर तो स्वतःला माझा मुलगा म्हणणार नाही.”

अंगणात कॅहल वासराच्या पायातला काटा काढत होता. त्याच्या अंगात नीयलचा जुना अंगरखा होता, मीच दिलेला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

“म्हणू दे,” मी म्हणाले.

त्या दिवशी टेकडीवर वारा मोठा होता, पण कॅहलचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. कॅहल, फ्लानचा मुलगा. कुणी हरकत घेतली नाही. बायकांनी माझे हात धरून अभिनंदन केले, मधाची दारू पाजली. मी प्यायले. घराणे वाचल्याचे बरे वाटत होते, आणि नीयल दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोणी काढायला बसले. कॅहल नेहमीच्या जागी उभा राहून म्हणू लागला. “कॅहल, फ्लानचा मुलगा...”

माझा दांडा वरच राहिला.

तो थांबला. “काय झालं, माय? चुकलं का माझं?”

“नाही,” मी म्हणाले. “बरोबर आहे. पुढं म्हण.”

आणि मी घुसळायला लागले.