जानेफळचा मामा

माया पोरीले, डिंपलले, आठवा महिना सरत आला, तरी तिच्या पोटात दुधाबिगर काहीच नाही. अन् याले कारण माया भाऊ!

आमच्या घरात रीत अशी, का लेकराले पह्यला घास मामानंच भरवायचा. मामा म्हणजे माया भाऊ राम, ट्रकवर ड्रायव्हर. 'येतो ना बाई पुढच्या हप्त्यात,' म्हणे, अन् त्याचा तो हप्ता काही उगवेच ना. मी वरण-भाताची वाटी हातात घेतली, का सासूबाई हटकायच्या, "योगिनी, मामा येऊ दे." मंग रडली का दूध, उठली का दूध.

अंगणवाडीत सिंधूताईनं पोरीले काट्यावर ठेवलं, अन् त्यायचा चेहराच उतरला. "वजन वाढून नाही राह्यलं. दूध चालूच ठेव, पण आता नुसत्या दुधावर नाही भागत. मऊ खिचडी, वरण-भात दे. अन् भरवायच्या आधी दूध पाजू नको, मंग खाईन कशी ते?"

घरी येऊन मी बोललीच, "रीत मोठी का लेकरू मोठं?"

सासूबाई म्हणे, "मामाबिगर भरवलं अन् काही झालं त?" त्यायलेही भेव वाटत होतं, हे मले तवा समजलं.

दुसऱ्या दिवशी वावरात सोयाबीन काढायले थ्रेशर आलं. मी चहा घेऊन गेली. मशीनवाला भुशानं पुरा माखला होता. कप घेता घेता म्हणे, "ताई, तुमी जानेफळच्या नारायणरावची लेक योगिनी ना? मी प्रसेनजित. बुद्धविहारामागचं घर आमचं."

अवो माय! माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊच की!

"हात-पाय धू अन् घरी चाल भाऊ," मी म्हटलं. "भाचीले घास भरवायचा हाय."

तो खाली पाहू लागला. "सासूबाईले चालन काय, ताई?"

तो काऊन विचारून राह्यला, ते मले समजलं. विहाराकडच्या लोकायसाठी पाण्याचा गिलास येगळा ठेवणारी घरं अजून हायेत गावात. पण मी इरेले पेटली होती.

त्याले घेऊन अंगणात आली, अन् सासूबाईले एका दमात सांगून टाकलं: जानेफळचा हाय, प्रसेनजित, विहारामागच्या घरातला. त्यायनं डिंपलच्या काटकुळ्या मनगटाकडे पाह्यलं, अन् आत निंघून गेल्या. बाहेर आल्या त एका हातात वरण-भात, दुसऱ्या हातात नवाकोरा टॉवेल.

"उभा काऊन बाप्पा? बस पाटावर. मामा हायस तू."

डिंपलनं पह्यला घास थुकला. दुसरा नुसता घोळवला. तिसऱ्याले मात्र सोताहून तोंड उघडलं! मी रडू का हासू, तेच समजेना. मधातच पोरगी कुरकुरली, तशी मी तिले दुधाले घ्यायले गेली.

"थांब वो," सासूबाई म्हणे. "मामाची वाटी संपू दे पह्यले. दूध मंग."

संध्याकाळी रामचा फोन आला. सुट्टी भेटली, उद्या निंघतो म्हणे. सासूबाईनं माया हातातून मोबाईल घेतला.

"ये ना बाप्पा, खुशाल ये. पण घास भरवणारा मामा येऊन गेला."