एकशे त्रेसष्टच्या पुढे

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात माजिवड्यातल्या त्या इमारतीत धाड पडली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या कंपनीचे चारही कॉम्प्युटर पोलिसांनी उचलून नेले, कारण त्यांवरचं सॉफ्टवेअर कॉपी केलेलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उत्तरा भोईर ते बघत होती. तिच्या ऑफिसातही तोच प्रकार होता. प्रोग्रॅम बनवायचा कंपायलर एकदाच विकत घेतलेला, आणि चालत होता पाच मशीनवर.

मालकीण प्रमोदिनीबाईंनी त्याच दुपारी दार लावून घेतलं.

"उत्तरा, हे सगळं काढून टाकायचं. मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली आहे, तिच्यात कंपायलर आहे. मोफत आहे आणि रीतसर आहे. तुझा अलार्मचा प्रोग्रॅम आधी त्यावर आण."

"मॅडम, पण ते चुकलं तर विचारायचं कोणाला?"

"तुलाच विचारणार," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

उत्तराचा अलार्म डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात लागलेला होता. रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं भलंमोठं बंद भांडं. त्याचं तापमान एकशे पासष्टवर, म्हणजे भांडं फुटायच्या धोक्याजवळ गेलं की भोंगा वाजायचा. तीन वर्षांत तापमान दीडशेच्या वर चढलंच नव्हतं, त्यामुळे भोंगा कधी वाजला नव्हता. त्या रिअ‍ॅक्टरवर दिवसपाळीला उत्तराचा थोरला भाऊ पंढरी होता. तो तिथे आहे म्हणूनच तिला हे काम मिळालं होतं, आणि म्हणूनच आता ते नकोसं वाटत होतं.

प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर आणायला तिला तीन आठवडे लागले. जेवताना, केस विंचरताना तिच्या मनात एकच घोळायचं: ऐन वेळी हा गप्प बसला तर? कुठल्या देशातल्या कोणी फावल्या वेळात केलेलं काम, आणि त्याच्या भरवशावर दादा उभा राहणार.

आठ दिवस जुनं आणि नवं मशीन शेजारी शेजारी चालवायचं ठरलं. पाचव्या दिवशी, अकराच्या सुमारास, उत्तरा कंट्रोल रूममध्ये बसली असताना नव्या मशीनचा भोंगा वाजला.

नव्या स्क्रीनवर एकशे सहासष्ट. जुन्यावर एकशे त्रेसष्ट, अगदी स्थिर.

सुपरवायझर कुरुंदकर धावत आले. "बंद करा ते. फुकटचं आणलंत ना, हे असंच होणार. आत्ता पाणी सोडलं तर अख्खी बॅच वाया जाईल." मग त्यांनी पंढरीला हाक मारली. "वर जाऊन काट्यावर बघून ये."

तापमान दाखवणारा काटा रिअ‍ॅक्टरच्या माथ्यावर होता. पंढरीने दारासमोरच्याच शिडीला हात घातला.

उत्तराने नव्या स्क्रीनकडे पाहिलं. एकशे सदुसष्ट. जुन्यावर एकशे त्रेसष्टच. पाच मिनिटांत तो आकडा एका टिंबानेही हललेला नव्हता. तापणारं भांडं एका आकड्यावर असं थांबत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. पण नवं चुकत असेल तर? बॅच गेली, कंपनीचं नाव गेलं, दादाची नोकरीही गेली.

"दादा, वर जाऊ नको," ती म्हणाली. "पाणी सोड."

"अहो, तुम्ही कोण सांगणार?" कुरुंदकर म्हणाले.

पंढरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग शिडी सोडून तो थंड पाण्याच्या चाकाकडे गेला आणि दोन्ही हातांनी ते फिरवू लागला.

एकशे एकाहत्तरपर्यंत आकडा चढला. पाइपांची थरथर उत्तराच्या पायांना जाणवत होती. मग एकशे सत्तर. एकशे अडुसष्ट. एकशे त्रेसष्टच्या खाली आल्यावर जुनं मशीनही जागं झाल्यासारखं आकडे उतरवू लागलं.

नंतर कुरुंदकरांनी स्वतः वर जाऊन पाहिलं. रिअ‍ॅक्टर थंड ठेवणारी पाण्याची नेहमीची लाइन गाळाने तुंबली होती. ते खाली येऊन खुर्चीत बसले.

उत्तराने तिथेच जुना प्रोग्रॅम उघडला. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. हिशेबासाठी ती तापमानाला दोनशेने गुणत होती. जुन्या कंपायलरमध्ये साधा आकडा बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मावायचा. एकशे त्रेसष्टच्या पुढे जरासं गेलं की तो ओसंडून उणे व्हायचा. उणे आकडा म्हणजे तारेतला बिघाड, असं समजून प्रोग्रॅम मागचाच आकडा दाखवत राहायचा. नव्या कंपायलरमध्ये जागा मोठी होती, म्हणून आकडा मावला. कंपायलर दोन्ही बरोबर होते. ओळ तिची होती. चाचणी घेताना मर्यादा साठवर आणून तिने भोंगा वाजवला होता. एकशे पासष्टपर्यंत कोण तापवणार?

म्हणजे तीन वर्षं दादा ज्या भोंग्याच्या भरवशावर उभा होता, तो वाजणारच नव्हता.

तिने माजिवड्याला फोन लावला. "मॅडम, चूक माझी आहे. जुना प्रोग्रॅम आणखी चार कारखान्यांत आहे."

"नंबर माझ्याकडे आहेत," बाई म्हणाल्या. "दोन तू लाव, दोन मी लावते. खरं तेच सांग."

तिचा पहिला फोन लगेच उचलला गेला. दुसरा वाजतच राहिला. तिने पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणालं, "अहो, जेवायला गेलेलो. बोला."

पंढरी दारात उभा होता, शर्ट भिजलेला. त्याने सगळं ऐकलं होतं. "मना काय झालं नाय," तो म्हणाला. "तू आधी बस."

ती बसली, आणि जुन्या प्रोग्रॅममधली ती ओळ दुरुस्त करू लागली.